बाई, त्या दुपारी लाईट नव्हती

बाई, आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे ओल्या सारवणावरून कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, मधे नदी होती, म्हणून माझं शिक्षण अलीकडच्या काठावरच राहिलं. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, तुम्ही अंगठा लावायच्या. माझ्या चुका तुम्हाला कधी दिसणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी मागते. तुमच्यापुढं ताट ठेवायचं झालं तरी मी ते आधी पदरानं पुसून ठेवायचे, तशी ही माफी.

हे मी कुणाला दाखवणार नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, तुम्ही जाणता. तुमची धाकटी जाऊ म्हणून ह्या घरात आले तेव्हा भूक लागली तरी मी सांगत नव्हते. तुम्हीच माझ्या तोंडाकडं बघून भाकर वाढायच्या आणि म्हणायच्या, "वच्छे, देवानं तोंड निस्तं पाणी प्यायला दिलं का तुला?" मी हसायचे. उत्तर कधी दिलं नाही. आता उत्तरं खूप सुचतात, आणि घरात ऐकायला कुणी नाही.

कुणी नाही असंही म्हणता येत नाही. काल दुपारी मी शेतातून लवकर आले. हे बाहेर होते, घराला कडी होती, चूल सकाळीच विझवलेली. तरी दारात पाय ठेवला आणि गोवरीच्या धुराचा वास आला, तुमच्या लुगड्याला यायचा तसा. मी चुलीपाशी गेले. चुलीच्या शेजारचं ते दुसरं तोंड, आपला वैल, जिथं जाळ येत नाही, निस्ती ऊब येते, त्यात हात घातला. राख कोमट होती. सकाळची राख दुपारपर्यंत अशी कोमट राहते का, हे मी कुणाला विचारू? असलं सगळं तुम्हालाच विचारायची सवय होती.

तुम्ही गेल्या त्या रात्री शेजारच्या सखूमावशीनं तुमच्या बाजेच्या जागी जोंधळ्याचं पीठ पसरलं, मधे दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलं. पाखराचं उमटलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, असं आपल्यात मानतात. टोपली उचलायला बायकांनी मला पुढं केलं. घरातली आता मीच ना. माझा हात टोपलीवर नुसता राहिला. मावशी म्हणाली, "आगं उचल की, काय झाकण हाय का ते जड?"

झाकण म्हणाली ती. मी हात मागं घेतला. का घेतला ते तुम्हाला आणि मलाच माहीत.

टोपलीखाली पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीची रेघसुद्धा नव्हती. दिवा तेवढा विझलेला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशी हळूच म्हणाली, "गेलीच न्हाई गंगा अजून. कशात तरी जीव अडकून राहिलाय." सगळ्या म्हणाल्या, सुमनमध्ये. एकुलती एक लेक, तीही पुण्याला. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, सुमनमध्ये नाही. माझ्यात. मी आदल्या दिवशी जे बोलले त्यात.

त्या भांड्याचं सगळं तुम्हाला माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगू द्या. सांगितलं की वास थोडा कमी होतो.

सुमनच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले होते, तिथं तिच्या ओट्यावर ते पहिल्यांदा बघितलं. आत जाड मातीचं चिनी भांडं, बाहेर लाईटीचं वेष्टण, वर काचेचं झाकण. सकाळी त्यात डाळ घालून सुमनचा नवरा कामाला जायचा आणि संध्याकाळी डाळ शिजलेली. जाळ नाही, फुंकणं नाही, उतू जाणं नाही, जवळ बसणं नाही. मी त्या झाकणातून तासन्तास बघत बसायचे. बाळाकडं बघायला पाठवली होती तुम्ही, आणि मी डाळीकडं बघत होते.

परत आल्यावर मी तुम्हाला सांगितलं. इतकं सलग मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते. हळदीच्या दिवसांत तांड्यावरची टोळी गावात हळद शिजवायला उतरते, त्यांना संध्याकाळचं जेवण लागतं. मी दिवसभर शेतात हळद वेचायला. तुमचे गुडघे धरलेले. चुलीपुढं तास-तास बसणं तुम्हाला होत नाही. असं भांडं असलं तर डाळ नाही तर हरभऱ्याची उसळ आपली आपली शिजेल, संध्याकाळी येऊन मी भाकरी तेवढ्या थापीन. पैसेही मिळतील.

तुम्ही सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "आन त्याला पैसे कोण देनार?"

मी खाली पडलेली सुपारीची खांडं वेचायला लागले.

"माझी बुटकी शेळी इकते," तुम्ही म्हणाल्या. "पर उसने हां. भांडं चाललं तर पैसे परत दे. न्हाई चाललं तर माझी शेळी गेली आसं समजंन. ठरलं?"

शेळी गेली आणि भांडं आलं. सुमननंच पाठवलं. तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, जावई. "जावईच की ह्यो. दिसभर बसून राहतो, हात लावायचा न्हाई, उघडून बघायचं न्हाई, वरून लाईट पाजायची. आन सांजच्याला म्हनायचं, वा वा, काय काम केलं!" हळदीच्या टोळीचा मुकादम तर ते बघून पोट धरून हसला. "वहिनी, आमचा कुकर तासाभरात ट्रॉलीभर हळद शिजवतो. तुमचा येवढ्याशा डाळीला दिवस घेतो? ह्याला आमच्या टोळीत रोजंदारी न्हाई मिळायची!" तुम्ही लगेच म्हणाल्या, "तुमची हळद कच्ची राह्यली तर कुनी मरत न्हाई. माझी डाळ कच्ची राह्यली तर तुमीच सक्काळी लोटा घेऊन पळताल." सगळी टोळी हसली. मी आतूनच.

पहिले काही दिवस जावई काही चालला नाही. डाळ पाण्यासारखी पातळ, खाली हरभरा टणक. मला रडू यायचं. तुम्ही मात्र चुलीवरचं ज्ञान घेऊन त्याच्यामागं लागल्या. "पानी कमी घाल. ह्यातून वाफ कुठं जातीय? जेवढं घालशील तेवढंच राहनार." खरं निघालं. "थंड पान्यात काहून टाकतीस? आधी चुलीवर येक दणदणीत उकळी दे, मंग दे ह्याच्या ताब्यात." तेही खरं निघालं. हरभरा रात्री भिजवून, उकळी देऊन, भांड्याच्या तळाशी घालायचा. चिंच आणि मीठ शेवटी, नाही तर डाळ फुलत नाही. काठोकाठ भरायचं नाही. कांदा-लसूण कच्चा टाकला तर दिवसभर शिजूनही कच्चाच वास येतो, तो आधी तेलात परतून घ्यायचा. हे सगळं तुमचं. माझं एकच होतं. पुण्याहून ऐकून आले होते, की झाकण उचलायचं नाही. एकदा उचललं की आतली वाफ गेली, ती परत धरायला भांड्याला खूप वेळ लागतो. मी तुम्हाला रोज शेतात जाताना सांगायचे, "बाई, झाकण तेवढं उचलू नका." तुम्ही म्हणायच्या, "व्हय बाई, जावयाचं तोंड बघत न्हाई मी."

मग जमलं. असं जमलं की टोळीतली माणसं जेवायच्या आधी डाळीचा वास घ्यायची. उडदाची डाळ अशी व्हायची की चमचा उभा राहील, आणि दाणा तर सापडायचा नाही. मुकादम म्हणाला, "वहिनी, आमच्या घरच्यांना नका सांगू, पर आसं वरण घरी न्हाई भेटत." मी दारामागं उभी राहून ऐकलं. जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी चाललं होतं. आठवड्याला टोळीकडून पैसे आले की मी त्यातले तुमच्या हातात ठेवायचे. तुम्ही नोटा बोटांनी चाचपून मोजायच्या आणि कमरेच्या पिशवीत खोचायच्या. "चालतंय बाई तुझं यंत्र," म्हणायच्या. आणि हसायच्या. त्या हसण्याचा अर्थ मला आता कळतो. तेव्हा वाटलं, शेळीचे पैसे निघाले म्हणून हसतात.

आता तो दिवस लिहायला पाहिजे.

त्या दिवशी शेतातलं काम लवकर आटोपलं. मी ऊन असतानाच घरी आले. तुम्ही भांड्यापुढं फतकल मारून बसल्या होत्या, एका हातात काचेचं झाकण, दुसरा हात भांड्याच्या बाजूला लावलेला, जसं लेकराचं कपाळ बघावं तसा. आणि वाफ सगळी तुमच्या तोंडावर. मला काय झालं कुणास ठाऊक. मी तुम्हाला कधी उलटून बोलले नव्हते, कुणालाच नव्हते. उन्हातून आलेली, अंग हळदीनं माखलेलं. मी ओरडले, "किती डाव सांगायचं तुमाला? काहून उचलता झाकण? तुमच्या ह्या उचलन्यानं वाटूळं व्हतंय समद्याचं!"

तुम्ही झाकण सावकाश ठेवलं. हात पदराला पुसला. म्हणाल्या, "बरं."

एवढंच. दुसरी कुणी असती तर दोन शिव्या दिल्या असत्या. तुम्ही आयुष्यभर मला बोलल्या, टोमणे मारले, हसवलं, आणि त्या दिवशी फक्त "बरं." तो शब्द अजून घरात आहे. भिंतीच्या आत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण बोललो नाही. मी उकळी दिली, डाळ भांड्यात घातली, बटण दाबलं आणि झाकणाचं काही न सांगता शेतात गेले. संध्याकाळी आले तर तुम्ही बाजेवर पडलेल्या. "बरं वाटंना जरा," म्हणाल्या. डाळ झाली होती, उत्तम झाली होती. मी अंगणात टोळीला वाढायला गेले. मनात म्हटलं, वाढून आले की पाय चेपते आणि बोलते. दिवेलागणीला परत आले तेव्हा तुमचा हात बाजेखाली लोंबत होता. मी तो उचलून छातीवर ठेवला. मला वाटलं झोपल्यात.

सुतकात घरात चूल पेटली नाही, शेजारच्यांनी भाकरी आणल्या. भांडं कुणीतरी विसळून कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. सुमन आली, रडली, तेरावं झालं, गेली. टोळी अजून गावातच होती. हळद कुणासाठी थांबत नाही. मुकादम दारात येऊन चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, जमंल तवा सुरू करा. आमी भाकर-ठेच्यावर हावोत." मी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. तुम्ही शिकवलं तसंच सगळं. उकळी, परतलेला कांदा, कमी पाणी. झाकण लावलं. आता उचलायला घरात कुणी नव्हतं. शेतात गेले. शेजारच्या भुईमुगात तुषार फिरत होते, मोटारीचा आवाज येत होता. लाईट आहे, म्हटलं, आज काळजी नाही.

घरी आले तर झाकण कलतं पडलेलं. बाई, खरंच कलतं. डाळीवर फेस, आंबूस वास, भांडं जेमतेम कोमट. मी तिथंच खाली बसले. मांजर नव्हतं, दाराला कडी होती. मला दिसलं ते एवढंच, की तुम्ही झाकण उचललं. मी "उचलू नका" म्हणाले होते म्हणून मुद्दाम उचललं. टोळीला ठेचा-भाकर वाढली. मुकादम चेष्टेनं बोलून गेला, "काय वहिनी, तुमचा कुकर बी सुतकात हाय काय?" आणि मग जीभ चावली, मान खाली घालून जेवला. सखूमावशीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "अन्न नासवायला लागली का? मंग खरंच अडकली." दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी शिजवलंच नाही. पण दुपारी शेतात वाकून हळद वेचताना माझ्या पाठीमागं स्पष्ट आवाज आला, काचेचं झाकण भांड्यावर टेकल्याचा. टक. वळून बघितलं तर नुसती सपाट काळी जमीन.

मला पळून जायचं होतं माहेराला. आणि माझ्याकडं तुमचे पैसे राहिले होते. जास्त नाही, थोडेच. पण तुम्ही म्हणाल्या होत्या, चाललं तर दे. आता ते चालत नव्हतं. मग देणं लागते की नाही लागत, तेही कळेना. देऊन टाकावं तर भांडं चाललं असं खोटं बोलल्यासारखं, न द्यावं तर तुमची शेळी बुडाली. हे कुणाला विचारणार?

भांडं फेकून द्यायचं ठरवून मी ते रिकामं करायला बाहेर नेलं. आतली नासकी डाळ गुरांपुढं टाकली आणि आतलं चिनी भांडं पालथं घातलं. त्याचं बूड काळं होतं. काजळी, बाई. गोल, जाड, आपल्या चुलीच्या भांड्यांना असते तशी. लाईटीच्या भांड्याला काजळी कशी येईल? ते तर चुलीवर कधी चढलंच नव्हतं. इतके दिवस मीच ते संध्याकाळी बघायचे, तेव्हा बूड पांढरं स्वच्छ असायचं. तुम्ही गेल्यावर मात्र मी ते नुसतं आतून विसळत होते, पालथं घातलंच नव्हतं.

मी ते तसंच छातीशी धरून सखूमावशीच्या दारात गेले. स्वतःहून कुणाच्या दारात मी पहिल्यांदाच गेले असेन. मावशी शेंगा फोडत होती.

"मावशी, ह्ये काळं कशानं झालं?"

तिनं बघितलं आणि परत शेंगा फोडायला लागली. "कशानं म्हंजी? वैलावर ठिवून ठिवून. गंगा रोज राखेनं घासायची, तुला दिसू नये म्हनून. त्या दिवशी घासायचं राहून गेलं आसंल. जीव न्हाई राह्यला, घासन कुठलं."

"वैलावर काहून?"

"आगं लाईट जातीय की रोज दुपारी! तू शेतात गेली की घंटाभरानं जाती ती पार चार वाजता येती. मंग जावई काय हवेवर शिजवनार हाय?"

मी म्हटलं, पण शेतात तर मोटारी चालू असतात. लाईट असते.

मावशी हातातली शेंग टाकून हसली आणि मग तिचं हसणं थांबलं. "मोटारीची लाईन येगळी, गावची येगळी. तुला कुनी सांगितलंच न्हाई का?"

कुणी नाही सांगितलं. मोटारीचं, तिच्या लाईटीच्या पेटीचं सगळं हे बघायचे, मी तिकडं कधी फिरकले नाही. शेतात पाणी फिरताना दिसलं की गावातही लाईट आहे असं मी धरायचे. आणि तुम्ही रोज, ते धरलेले गुडघे घेऊन, ते जड भांडं उचलून वैलावर ठेवायच्या. मावशीनं सगळं सांगितलं. निखारा लावायच्या नाहीत, चिनी भांडं तडकेल म्हणून. नुसत्या राखेवर, बाजूनं दोन गोवऱ्या धुमसत ठेवून. लाईट आली की परत वेष्टणात. मग झाकण उचलून बघायचं, आत गरम राहिलं का, अजून एखादी गोवरी लागते का. त्याच वेळी मी आले होते त्या दिवशी.

"तिला मी म्हनलं, सांग की वच्छीला," मावशी म्हणाली. "तर म्हनती, राहू दे. येकच हौस केली पोरीनं जल्मात. तिचं यंत्र चालतंय आसं वाटू दे तिला."

मी विचारलं, शेवटच्या दिवशी? आम्ही बोललो नव्हतो त्या दिवशी?

"त्या दिवशी तर दुपारभर लाईट नव्हती. दिस कलताना कुठं आली. गंगा वैलापाशीच बसून व्हती. मी म्हनलं, चेहरा उतरलाय तुझा, पड जरा. म्हनली, डाळ हाय वर. उतरवून पडते."

बाई, ती डाळ मी टोळीला वाढली. मुकादमानं दुसऱ्यांदा मागून घेतली. मीही वाटीभर खाल्ली. इतकी चांगली झाली होती, आणि खाताना मी मनात म्हणत होते, बघा, आज झाकण उचललं नाही तर कशी झाली.

तुम्ही सांगायला पाहिजे होतं. हे मी तुमच्याशी भांडून बोलते आहे. "आगं येडे, लाईट गेली व्हती," एवढं म्हणायचं. मी ओरडले तेव्हा म्हणायचं. "बरं" काहून म्हणाल्या? मला बोलता येत नाही हे ठीक आहे, तुम्हाला तर येत होतं. साऱ्या गावाला उत्तर द्यायच्या तुम्ही. ह्याचं उत्तर आता कुठलं येणार? मी वैलापाशी बसून विचारते कधी कधी. राख ऐकते. धुराचा वास येतो. उत्तर येत नाही.

भांडं फेकलं नाही. मावशीला मी विचारलं, दुपारी माझ्या भांड्याकडं बघशील का? ती म्हणाली, "इतक्या दिसांत पैल्यांदा काय मागितलं तू मला. बघते की." आता लाईट गेली की ती बटण बंद करते, आतलं भांडं झाकणासकट उचलते, भुसा भरलेल्या टोपलीत ठेवते आणि तुमच्या जुन्या लुगड्याच्या घड्या चारी बाजूंनी दाबून बसवते. सकाळी उकळी दणदणीत दिलेली असली आणि झाकण उघडलं नाही तर ऊब बराच वेळ टिकते. फारच वेळ लाईट आली नाही तर मग वैल. राखेवर, निखारा नाही. लाईट आली की परत जाग्यावर. डाळ थोडी वेगळी होते. तुमच्या डाळीला धुराचा किंचित वास असायचा, तो कुठून येतो ते मला तेव्हा कळलं नव्हतं. टोळीवाले म्हणाले, "वहिनी, पयल्यासारखी न्हाई, पर चांगली हाय." मला ते ऐकून बरं वाटलं. पहिल्यासारखी होऊ नये असं वाटतं.

लुगडं भांड्याभोवती गुंडाळलेलं बघितलं की अंगावर काटा येतो. टोपलीत कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखं दिसतं. आतून हळू बुडबुड आवाज येतो. मी पाठ करून भाकरी थापते. एकदा मी पाठीमागं न बघता म्हटलं, "बाई, झाकण उचलायचं असलं तर उचला." काही झालं नाही. पण त्या दिवशी टक असा आवाज आला नाही.

टोळीचा हंगाम संपला. मुकादमानं हिशेब केला आणि जाताना म्हणाला, "पुढच्या साली बी येतो, वहिनी. जावयाला सांभाळा." हे नाव त्याला कुणी सांगितलं? तुम्हीच सांगितलं असणार.

आज तुमचं महिन्याचं श्राद्ध होतं. सुमन आणि तिचा नवरा पुण्याहून आले. ओसरीवर पुरुष बसले होते, आत आम्ही बायका. पंगत उठल्यावर मी सुमनच्या मांडीवर पैसे ठेवले. ती घेईना.

"काकू, ह्ये काय?"

"तुझ्या आईचे. शेळीचे राह्यले व्हते."

तिनं नोटा माझ्याकडं सरकवल्या. "आई मला फोनवर म्हनली व्हती, चाललं तर घ्यायचे, न्हाई तर न्हाई. आन आत्ता मावशीनं सांगितलं समदं. ते भांडं तर लाईटीवर चाललंच न्हाई. वैलावर चाललं. मंग कशाचे पैसे?"

बायका ऐकत होत्या. ओसरीवरचंही बोलणं थांबलं होतं. माझी मान नेहमीसारखी खाली गेली होती. मला माहीत होतं की हे आता बोलले नाही तर तुमच्यासारखं मीही "बरं" म्हणून बसेन, आणि दोन "बरं" ह्या घरात राहतील.

मी म्हटलं, "चाललं. तुझ्या आईनं चालवलं. घे."

सुमननं तोंडावर पदर धरला. रडून झाल्यावर न मोजताच नोटा पर्समध्ये टाकायला लागली. मी तिचा हात धरला. "आसं न्हाई. मोज. ती मोजून घ्यायची." तिनं डोळे पुसून एक एक नोट मोजली. मावशीनं मान हलवली. बराबर भरले. मग मी ओसरीपर्यंत आणि त्याच्याही पलीकडं जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाईचे पैसे फिटले. समदे."